गावचा जुना फ्रीज: हलवायचा कसा, परत चालू करायचा कसा

कोकणातलं जुनं घर उघडलं की माजघराच्या कोपऱ्यात नाहीतर मागच्या पडवीत एखादा जुना फ्रीज उभा दिसतोच. गोल खांदे, जाड पत्र्याचं दार, खटक्याचं स्टीलचं हँडल, आणि आत फ्रीजमध्ये ठेवायच्या वस्तू सोडून बाकी सगळं. कुळीथ, पापड, फेण्या, वर्षाची लाल मिरची, कारण दार लावलं की उंदीर आणि मुंग्या आत शिरत नाहीत एवढाच त्याचा उपयोग उरलेला असतो. गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रीज बनवायला घेतला, पुढे केल्व्हिनेटर, ऑल्विन हे पण घराघरात आले, आणि मुंबईत नवा घेतला की जुना गावी धाडायचा हा रिवाजच पडला, त्यामुळे असले फ्रीज आपल्याकडे भरपूर आहेत.

आता ज्यांना यातला एखादा परत चालू करायचाय, किंवा गावाहून शहरात न्यायचाय, किंवा भंगारवाल्याकडून उचलून आणायचाय, आणि यातलं काहीच माहीत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, क्रम पाळा. बहुतेक लोक फ्रीज आडवा टाकून आणतात, आणल्या आणल्या प्लग लावतात, चालला नाही की मेकॅनिकला बोलावून गॅस भरायला सांगतात. म्हणजे सगळं उलटं. अनेक वर्षं नुसत्या उभ्या असलेल्या फ्रीजमधला गॅस बऱ्याचदा जागेवरच असतो, कारण ती नळ्यांची यंत्रणा कारखान्यातच सीलबंद झालेली असते. मेलेलं असतं ते बाहेरचं सामान, म्हणजे वायर, रिले (मोटर सुरू करून देणारा छोटा स्विच), थर्मोस्टॅट (थंडावा बघून मोटर चालू-बंद करणारा स्विच), दाराचं रबर. म्हणून गॅसच्या बाजूला सगळ्यात शेवटी हात लावायचा, आणि नाही लावायला लागला तर उत्तमच.

आधी जागेवरच बघून घ्या

उचलायची घाई नको. टॉर्च घ्या, जाड हातमोजे घाला आणि फ्रीजच्या मागे बघा. हातमोजे का, तर खालच्या कॉम्प्रेसरच्या (गॅस फिरवणाऱ्या पंपाच्या) खणात उंदराचं घरटं, गांधीलमाशीचं पोळं, पाली, आणि पावसाळ्यानंतर अगदी जनावर म्हणजे सापसुद्धा असू शकतो. काठीने हलवून बघा, मग हात घाला.

घरच्यांना विचारा की फ्रीज बंद का पडला. "चालता चालता थंड करायचा बंद झाला" आणि "नवा आणला म्हणून बंद करून ठेवला" यात जमीन अस्मानाचा फरक आहे. दुसरं उत्तर मिळालं तर आनंद माना.

मागे नाहीतर आत बाजूला नेमप्लेट असते. त्यावर व्होल्टेज, अँपिअर आणि गॅसचं नाव लिहिलेलं असतं. १९९० च्या आधीच्या आपल्याकडच्या फ्रीजवर बहुतेक आर-१२ हे गॅसचं नाव दिसेल. व्होल्टेज मुद्दाम वाचा. बोटीवर काम करणारे किंवा आखातात, परदेशात राहिलेले लोक तिकडून वस्तू आणायचे, आणि फ्रीज अमेरिकन असेल तर तो ११५ व्होल्ट ६० हर्ट्झचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज कमी होतं पण हर्ट्झ बदलत नाही, मोटर हळू फिरते आणि जास्त तापते, त्यामुळे तसला फ्रीज रोजच्या वापराला धरू नका.

मग नळ्या बघा. कुठे तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला तर तिथून गॅस गेलाय असं समजा, कारण गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं. आतला फ्रीजर नीट तपासा. बर्फ सुटत नाही म्हणून सुरी नाहीतर स्क्रू ड्रायव्हर मारायची सवय घरोघरी होती, आणि ॲल्युमिनियमच्या फ्रीजरला बारीक भोक पडलं की संपलं. एम-सील लावलेलं दिसलं तर तो फ्रीज फुकट मिळत असेल तरच घ्या.

दोन प्रकारांपासून लांब राहा. एक म्हणजे रॉकेलवर चालणारा फ्रीज. वीज नव्हती तेव्हा दवाखान्यात, बंगल्यात असायचे. खाली रॉकेलची टाकी, वात, आणि मागे धुराडं. त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजनवर चालतो, आणि आतून गंज धरू नये म्हणून क्रोमेट नावाचं विषारी रसायन घातलेलं असतं. मागच्या नळ्यांवर पिवळी पूड नाहीतर पिवळा डाग असेल, अमोनियाचा उग्र वास असेल, तर हात लावू नका, लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नका. दुसरा म्हणजे खूपच जुना, १९३० च्या आसपासचा विलायती फ्रीज. त्यात सल्फर डायऑक्साईडसारखे गॅस असायचे. असा सापडला तर तो शोभेला ठेवा, चालू करायच्या भानगडीत पडू नका.

आणि एक गोष्ट अगदी पहिल्या दिवशी करायची. खटक्याच्या हँडलचा जुना फ्रीज आतून उघडत नाही. लपाछपी खेळताना पोरगं आत शिरलं आणि दार लागलं तर बाहेर आवाजही येत नाही, जाड दार आणि रबर असल्यामुळे आत हवाही जात नाही. अशाच मृत्यूंमुळे अमेरिकेत १९५६ साली कायदा करून दार आतून ढकलता येईल असं करायला लावलं. तेव्हा काम सुरू व्हायच्या आधी खटका काढून टाका, नाहीतर दारच काढून बाजूला ठेवा. मे महिन्यात घर पोराबाळांनी भरलेलं असतं, "आमची पोरं तसली नाहीत" यावर विसंबू नका.

हलवायची तयारी

आतलं सगळं बाहेर. काचेच्या फळ्या, भाजीचा ट्रे, चिलर ट्रे, अंड्यांची पट्टी, सगळं वेगळं गुंडाळा, कारण या जुन्या वस्तू परत मिळत नाहीत. स्क्रू एका डबीत टाका आणि डबी फ्रीजच्या आतच चिकटवा. वायर मागे गुंडाळून बांधा, लोंबकळत ठेवली की कोणाच्या तरी पायात येतेच.

दार बांधायला रुंद कापडी पट्टा घ्या. जुनी साडी दुमडून बांधली तरी चालते, साडी पत्र्याला ओरखडा काढत नाही. चिकटपट्टी थेट रंगावर लावू नका, जुना रंग तिच्याबरोबर निघून येतो. फ्रीजला गोधडी नाहीतर चादर गुंडाळा, कोपऱ्यांवर पुठ्ठा लावा आणि मग दोरी मारा. दोरी मागच्या जाळीवरून घ्यायची नाही. ती काळी जाळी म्हणजे कंडेन्सर, त्यातूनच गॅस फिरतो, दोरी ताणली की नळी वाकते आणि वाकली तर समजा पिचली.

वाट मापून घ्या. आपल्या जुन्या घरांचे दरवाजे बुटके, उंबरठे उंच, आणि घरातून रस्त्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. शहरातली चाकांची ट्रॉली तिथे काही कामाची नाही. पाखाडीवर चार माणसं लागतात, दोन खाली दोन वर, आणि पाचवा पुढे चालून पायरी सांगणारा. शेवाळ असेल तर आधी पायऱ्या घासून घ्या. पावसात हे काम करूच नका, सरळ पुढे ढकला.

उचलायचं ते बुडाकडून. हँडलला धरून, दाराला धरून, जाळीला धरून कोणी ओढत असेल तर ओरडा. बुडाखालून दोन मजबूत पट्टे घालून खांद्यावर घेतले की वजन सरळ राहतं. सगळ्यात जड भाग खाली मागे, जिथे कॉम्प्रेसर आहे तिथे असतो, त्यामुळे उतारावर कॉम्प्रेसरची बाजू वरच्या माणसांकडे ठेवली की फ्रीज खालच्यांच्या अंगावर येत नाही.

उभाच न्यायचा, का ते समजून घ्या

कॉम्प्रेसर म्हणजे बंद लोखंडी घुमट, त्यात मोटर आणि पंप, आणि तळाला तेल. हा आतला सगळा संच स्प्रिंगवर तोललेला असतो. फ्रीज आडवा केला की तेल नळीत शिरतं, आणि तसाच लगेच चालू केला तर पंपाला तेल मिळत नाही, उलट नको तिथे तेल जाऊन अडकतं. शिवाय खड्ड्यात आपटून स्प्रिंग निसटली की चालू केल्यावर आतून खडखड ऐकू येते, आणि त्यावर घुमट कापण्याशिवाय इलाज नाही.

म्हणून फ्रीज उभाच. दारातून काढताना थोडा कलला तर हरकत नाही, पण ४५ अंशाच्या पुढे नको. अगदीच आडवा टाकायची वेळ आली तर कुशीवर टाका, पाठीवर किंवा दारावर कधीच नको, आणि मेकॅनिककडून जाड नळीची बाजू ओळखून घेऊन ती वरच्या अंगाला ठेवा. कारची मागची सीट पाडून फ्रीज आत सरकवायची आयडिया डोक्यात येतेच सगळ्यांच्या, ती काढून टाका. छोटा हत्ती नाहीतर पिकअप करा, भाड्याचे चार पैसे जातील ते जातील.

टेम्पोत फ्रीज ड्रायव्हरच्या केबिनला चिकटवून उभा करा, मधे गादी. दोरी दोन ठिकाणी मारायची, एक कमरेला आणि एक खांद्याला, खालीच बांधला तर वळणावर वरून डोलतो. खाली गोणपाट टाका म्हणजे पत्र्यावर सरकत नाही. टेम्पोची उंची आणि फ्रीजची उंची मिळून किती होते ते बघा, वाडीतल्या रस्त्यावर विजेच्या तारा आणि आंब्या-फणसाच्या फांद्या खाली आलेल्या असतात.

घाट असेल, म्हणजे आंबोली, फोंडा, आंबा, कुंभार्ली, जो काही तुमच्या वाटेवर असेल तो, ड्रायव्हरला आधीच सांगा की माल उभा आहे, वळणं सावकाश घे. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला फेरीने जाणार असाल तर भरती-ओहोटी बघून जा. ओहोटीला उतार जास्त पडतो आणि टेम्पो चढताना माल मागे झुकतो. फेरीत वाऱ्याबरोबर खारं पाणी उडतं, ताडपत्री सोडू नका, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने सगळा पत्रा पुसून कोरडा करा. खाऱ्या हवेतला पत्रा एका रात्रीत लाल पडायला लागतो हे किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको.

आणला की जागेवर उभा करा आणि सोडून द्या. पूर्ण वाट उभा आला असेल तरी काही तास, आडवा आला असेल तर निदान २४ तास. भिंतीपासून मागे वीतभर जागा. जमीन सारवलेली असेल किंवा फरशी वरखाली असेल तर खाली जाड फळी घाला, बुडाला ओल लागली की पाय आणि तळाचा पत्रा आधी गळतो.

वायरिंग: घाई करायची नाही ती इथे

प्लग लावू नका. आधी वायर बघा. जुन्या फ्रीजच्या वायरीवर कापड आणि रबर असतं, बोटाने वाकवलं की रबराचा भुगा होऊन हातात येतो. असली वायर सरळ बदला, तीन कोअरची, अर्थिंगसकट. बरेच जुने फ्रीज दोन पिनच्या प्लगवर चाललेत, बॉडीला अर्थ नाहीच. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पत्र्याचं हँडल धरणं म्हणजे काय ते वेगळं सांगत नाही. बॉडीला अर्थ जोडा, आणि घराचं अर्थिंग जिवंत आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग अर्थिंग नावालाच राहतं, तिथे पाणी घालत राहावं लागतं. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवा, या फ्रीजवरचा पहिला खर्च तोच करा असं मी म्हणेन.

आता कॉम्प्रेसर. बाजूचं छोटं झाकण काढलं की तीन पिना दिसतात, कॉमन, स्टार्ट आणि रन. स्टार्ट कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारी, वीज साठवणारी डबी) असेल तर तो आधी डिस्चार्ज करून घ्या, बंद फ्रीजमध्येही तो झटका देऊ शकतो. रिले आणि ओव्हरलोड (मोटर जास्त तापली की करंट तोडणारा भाग) काढून ठेवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावून दोन दोन पिनांमधलं रीडिंग घ्या. तीन आकडे येतील. मोठा आकडा हा बाकी दोघांच्या बेरजेएवढा यायला हवा. समजा ८, २२ आणि ३० आले तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, बरी आहे. ३० ज्या दोन पिनांमध्ये आला त्या स्टार्ट आणि रन, उरलेली कॉमन. कॉमनपासून ८ ती रन, २२ ती स्टार्ट. एखाद्या जोडीत काहीच आलं नाही तर वाइंडिंग तुटलीय.

मग प्रत्येक पिन आणि घुमटाचा घासून चकचकीत केलेला पत्रा यांच्यात बघा. इथे काहीच दिसायला नको. जरा जरी रीडिंग आलं तर करंट बॉडीत उतरतोय, तिथेच थांबा. साध्या मल्टिमीटरला हे नेहमी सापडतं असं नाही, वायरमनकडे मेगर (जास्त व्होल्टवर गळती तपासायचं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर एकदा बघून घ्यायला सांगा.

रिलेबद्दल एक बारीक गोष्ट, जी नवख्यांना कोणी सांगत नाही. जुना रिले करंटवर चालतो, आत एक लहानसा दांडा असतो, मोटर सुरू होताना करंट वाढला की तो वर उचलला जातो आणि मोटर चालली की स्वतःच्या वजनाने खाली पडतो. म्हणजे रिले ज्या दिशेला बसवलेला आहे त्याच दिशेला बसायला हवा. उलटा बसवला तर तो कामच करत नाही किंवा चिकटून राहून स्टार्ट वाइंडिंग जाळतो. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. हातात घेऊन हलवला की दांड्याची खुळखुळ ऐकू यायला हवी, गंजून बसला असेल तर तो घासत बसू नका, त्याच कॉम्प्रेसरला जुळणारा नवा घ्या.

पहिल्यांदा चालू करताना

शेजारच्या काकी हमखास येऊन उभ्या राहणार, "मेल्या, ह्या भंगाराक कित्याक पैशे घालतंस?" म्हणून. येऊ देत, पण फ्रीजला कोणी हात लावायचा नाही.

वायरमनकडे बल्ब लावलेला सिरीज बोर्ड असतो, त्यावर आधी लाइन आणि बॉडी तपासून घ्या, मग थेट सप्लाय. चालू केल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. गुरगुर करून चालू झाला आणि आवाज एकसारखा राहिला तर उत्तम. नुसता "हूं" करून काही सेकंदात टक करून बंद पडला तर रिले, ओव्हरलोड किंवा अडकलेला कॉम्प्रेसर. लगेच परत परत चालू करू नका, पाच मिनिटं थांबा, नळ्यांमधलं प्रेशर सारखं झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला उठायला जमत नाही. आणि काहीच झालं नाही तर थर्मोस्टॅट बघा, दोन वायरी बाजूला काढून जोडून बघितल्या की कळतं तो मेलाय का. जोडताना प्लग काढलेला असला पाहिजे हे गृहीत धरतोय.

चालू झाला तर क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारखं लावायचं मीटर) करंट बघा, नेमप्लेटवरच्या आकड्याच्या आसपास हवा. थोड्या वेळाने हात लावून बघा. मागची जाळी वरून कोमट-गरम, फ्रीजर थंड, आणि थंडावा पूर्ण फ्रीजरवर पसरलेला. फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात दव जमतंय आणि बाकी कोरडं, तर गॅस कमी आहे. जाळी तापत नाही आणि फ्रीजरही थंड होत नाही, नुसता आवाज, तर गॅस गेलाय किंवा पंप बसलाय.

रात्रभर रिकामा चालवा. आत पाण्याचा ग्लास आणि त्यात थर्मामीटर, सकाळी ५ डिग्रीच्या खाली आलं तर तुमचा फ्रीज पास.

रबर आणि दार

नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज सरकली तर त्या जागी हवा आत जातेय. चारही बाजूंनी वीत-वीतभर अंतरावर करून बघा. रबर मळलं असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, वाकडं झालं असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ होतं, चिरलं असेल तर बदलायलाच हवं. नवं रबर माप देऊन बनवून मिळतं, पण जुना तुकडा कापून नमुना बरोबर न्या. खटक्याच्या दाराचं रबर पोकळ, बिनचुंबकाचं असतं, त्याजागी चुंबकाचं घातलं तर दार नीट बसत नाही. आणि खटका काढला असेल तर दार धरायला बाहेरून दुसरी सोय करा, आतून ढकललं की उघडेल अशी.

आत वास येत असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून पुसा. ब्लीचिंग पावडर आणि घासायची जाळी नको, आतलं मीनाकाम नाहीतर प्लास्टिक खरवडलं जातं. कडक उन्हात दार उघडं टाकून ठेवायचा सल्ला देतात, पण जुनं प्लास्टिक तडकतं, सावलीतला वारा पुरे.

बॉडीला बाहेरून घाम सुटत असेल तर आतलं इन्सुलेशन ओलं आहे. जुन्या फ्रीजमध्ये काचेचा कापूस म्हणजे ग्लासवूल असतो, आणि आपल्या दमट हवेत इतक्या वर्षांत तो पाणी पितो. बाहेरच्या पत्र्याच्या आणि आतल्या खोक्याच्या मधली प्लास्टिकची पट्टी काढावी लागते. ती गार असताना उचकटली की कटकन तुटते, गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिच्यावर थोडा वेळ ठेवा, मऊ पडते, मग सुरीऐवजी लाकडी पट्टीने उचला. ग्लासवूलला हात लावताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क आणि चष्मा, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

पत्रा आणि रंग

रंग सगळ्यात शेवटी. फ्रीज थंड करतो हे पक्कं झाल्याशिवाय रंगावर एक रुपया घालू नका, मला दिसायला झकास आणि आतून बंद असे फ्रीज बघून फार वाईट वाटतं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासायचा नाही, ग्राइंडरने तर नाहीच. पाणी पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) वापरा, ओला घासा, गाळ गोळा करून टाका, आणि हे काम विहिरीजवळ किंवा परसातल्या भाजीजवळ नको. गंज जिथे पत्र्याच्या आरपार गेलाय तिथे डेंटिंग-पेंटिंगवाल्या गॅरेजमधून तुकडा लावून घ्या, पण तिथे वेल्डिंग करायच्या आधी त्याला सांगा की आत गॅसच्या नळ्या आहेत. आंधळेपणाने ड्रिल मारायचा नाही, काही मॉडेलमध्ये नळी पत्र्याला आतून चिकटलेली असते.

गंज घासून रस्ट कन्व्हर्टर, मग एपॉक्सी प्रायमर, खड्डे भरायला थोडीफार लांबी (पुट्टी), मग रंग. किनाऱ्यावर साध्या रेड ऑक्साईडवर भागवलं तर दोन पावसाळ्यात फुगे येतात. मागच्या जाळीला तारेचा ब्रश जोरात मारू नका, नळी आधीच झिजलेली असेल तर भोक पडेल, हलक्या हाताने घासून काळ्या रंगाचा पातळ हात पुरे.

आणि वेळ. जून ते सप्टेंबर स्प्रे पेंटिंग विसरा. हवेत ओल असली की ड्युकोवर, म्हणजे स्प्रेच्या झटपट सुकणाऱ्या रंगावर, पांढरट धुकं धरतं, चमक जाते आणि सगळं परत घासावं लागतं. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले, त्यातही सकाळचं दव उडून गेल्यावर.

गॅस भरायलाच लागला तर

आर-१२ ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या गॅसांपैकी. १९८७ च्या माँट्रियल कराराखाली त्याचं उत्पादन बंद करायचं ठरलं, भारत १९९२ मध्ये त्यात आला आणि २०१० पासून आपल्याकडे तो वापरातून काढला गेला. तेव्हा कोणी "ओरिजिनल आर-१२ भरतो" म्हणाला तर डबा बघायला मागा. जुना गॅस उघड्यावर सोडून देणारा मेकॅनिक नको, आणि नळीत गॅस असताना ज्योत लावणारा तर अजिबात नको, त्यातून विषारी धूर निघतो.

त्याच्या जागी आर-१३४ए हा नंतरचा गॅस टाकायचा म्हटलं तर नुसता गॅस बदलून चालत नाही. जुन्या कॉम्प्रेसरमधलं मिनरल तेल या गॅसमध्ये मिसळत नाही, तेल बदलावं लागतं, फिल्टर नवा, कॅपिलरीचं (फ्रीजरकडे गॅस सोडणाऱ्या केसासारख्या बारीक नळीचं) माप बघावं लागतं. नवं तेल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे ओलीला काय तोटा. म्हणून व्हॅक्यूम पंपाने नीट व्हॅक्यूम मारणार का, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणार का, हा प्रश्न आधीच विचारा. "कॉम्प्रेसरनेच व्हॅक्यूम मारतो साहेब" असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा. स्वयंपाकाच्या सिलेंडरमधला गॅस भरून देणारे महाभाग पण भेटतात. थंड करतो, खोटं नाही, पण फ्रीजच्या आत थर्मोस्टॅट आणि दिव्याचा स्विच दोन्ही ठिणगी पाडतात, गळती झाली तर बंद पेटीत स्फोट.

एवढा खर्च कुठल्या फ्रीजवर करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर गॅस गेलेल्या साध्या १६५ लिटरच्या फ्रीजवर करू नये, त्याला चांगलं रंगवून कपाट करा. आजीच्या काळातला खटक्याचा गोल खांद्याचा असेल आणि घरात जीव लागलेला असेल तर करा.

चालू झाल्यावर

स्टॅबिलायझर टाइम डिलेवाला घ्या. पावसात लाइट जाते-येते-जाते, आणि दर वेळी लाइट आल्याबरोबर कॉम्प्रेसर उठायला बघतो, डिले असला की तीन-चार मिनिटं थांबून उठतो. वळवाच्या दिवसात वीज कडाडायला लागली की प्लगच काढा, स्टॅबिलायझर त्या विजेपुढे काही नाही. बर्फ बोटभर जाड झाला की बंद करून वितळू द्या, सुरी लांब ठेवा.

बांगडे, सुरमई ठेवायला हा फ्रीजर जोरदार नाही, एक-दोन दिवसांचंच ठेवा. सोलकढी, ताक, कोकम सरबत, आंब्याचा रस दिवसभरासाठी, याला मस्त.

आणि चाकरमानी असाल, गणपती झाले की घर बंद करून परत मुंबईला जाणार असाल, तर प्लग काढा, बर्फ पूर्ण वितळू द्या, खालचा ट्रे ओता, आत कोरड्या फडक्याने पुसा, आणि दार बंद करू नका. दारात लाकडाचा ठोकळा घालून दोरीने असं बांधा की ते उघडंही पडणार नाही आणि लागणारही नाही. आत डांबराच्या गोळ्या टाकू नका, तो वास पुढच्या मे महिन्यापर्यंत जात नाही आणि पहिल्याच दिवशीच्या दुधाला लागतो. मागच्या खणाला बारीक जाळी ठोका, उंदरांना नवी वायर जुन्या वायरीपेक्षा जास्त आवडते.